उपयोजित मानसशास्त्राची संशोधन संस्था नेमके काय करते?

‘मानसशास्त्राची संस्था’ असे म्हटले की मुंबईत बहुतेकांच्या डोळ्यांसमोर समुपदेशनाची खोली उभी राहते. विद्यापीठाशी जोडलेल्या उपयोजित मानसशास्त्राच्या संशोधन संस्थेत अशी खोली असतेही, पण तिथल्या कामाचा तो लहानसा भाग असतो. उरलेला भाग बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटावा असा आहे. प्रश्नावल्यांचे मसुदे, शाळांकडून मिळवायच्या परवानग्या, शेकडो मुलांच्या उत्तरांची नोंद आणि संख्याशास्त्राच्या तक्त्यांवरून झडणारे वाद यांतच संशोधकांचे दिवस जातात. हा लेख त्या कंटाळवाण्या भागाविषयी आहे. शाळेतल्या अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यापासून रेल्वेच्या भरतीपर्यंत मन मोजून घेतले जाणारे जे निर्णय आपल्या घरापर्यंत पोहोचतात, त्यांवर किती विश्वास ठेवायचा हे या कामावरूनच ठरते.

शुद्ध मानसशास्त्र स्मृती, अवधान, भावना, शिकणे या प्रक्रिया मुळात कशा चालतात हे शोधते. उपयोजित मानसशास्त्र त्या ज्ञानाचा शाळेत, कारखान्यात, रुग्णालयात किंवा रस्त्यावर उपयोग होतो का आणि किती होतो, हे तपासते. भारतात कोलकाता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग १९१६ मध्ये सुरू झाला आणि उपयोजित शाखा तेथे १९३८ मध्ये आली. मुंबई विद्यापीठाने मात्र १९५९ मध्ये विभाग काढला तेव्हा त्याच्या नावातच ‘उपयोजित’ हा शब्द घातला. सांताक्रूझ पूर्वेला कलिना येथील विद्यानगरी परिसरात असलेल्या या विभागात चिकित्सा, समुपदेशन, औद्योगिक आणि सामाजिक मानसशास्त्र शिकवले जाते. गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांवर वाढलेल्या शहराला ते नाव शोभते, असे मला वाटते.

‘विद्यापीठाशी संलग्न’ या शब्दांनी पालकांची आणि विद्यार्थ्यांची बरीच दिशाभूल होते, म्हणून त्याचा खुलासा आधी करतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाचा स्वतःचा विभाग, संलग्न महाविद्यालय आणि मान्यताप्राप्त परिसंस्था या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. संशोधन संस्था बहुधा तिसऱ्या प्रकारात मोडते. तिचे व्यवस्थापन आणि पैसा तिचा स्वतःचा असतो, पीएच.डी.ची पदवी मात्र विद्यापीठच देते, मार्गदर्शकांना मान्यता तेच देते आणि प्रबंध तपासणारे बाहेरचे परीक्षकही तेच नेमते. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका हे अशा रचनेचे मराठी वाचकांना ओळखीचे उदाहरण आहे. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था मात्र १९६४ पासून स्वतःच अभिमत विद्यापीठ असल्याने तिचा प्रकार निराळा आहे. या जोडणीचा खरा फायदा असा की संस्थेला आपल्याच चाचणीला आपणच प्रमाणपत्र देता येत नाही. भाजीवाल्याच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का ठरावीक मुदतीने पुन्हा मारून घ्यावा लागतो, तसा इथे बाहेरचा डोळा असतो. हा डोळा कधी कधी झोपेने जड झालेला असतो ही गोष्ट वेगळी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मन मोजायचे म्हणजे काय करायचे?

हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या ह्युगो म्यून्स्टरबर्ग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१० नंतरच्या काळात बॉस्टनच्या ट्रामचालकांचा अभ्यास केला. मुंबईत विजेवरची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली होती, म्हणजे हा प्रश्न आपल्यालाही तेव्हा परका नव्हता. ट्रामसमोर अचानक येणारा माणूस, घोडागाडी किंवा दुसरे वाहन यांपैकी कोणाची गती आपल्याला छेद देणार आहे, याचा अंदाज काही चालकांना चटकन येतो आणि काहींना येत नाही, असे म्यून्स्टरबर्गला दिसले. हा अंदाज प्रयोगशाळेतच मोजता आला, तर अपघात होण्याआधी योग्य चालक निवडता येतील, असा त्याचा विचार होता. भारतीय रेल्वेत सहायक लोको पायलटपदासाठी संगणकावर घेतली जाणारी अभिक्षमता चाचणी त्याच विचाराच्या वंशातली आहे. स्मृती, सूचनांचे पालन, खोलीचे आकलन, एकाग्रता आणि आकलनाचा वेग अशा पाच कसोट्या त्यात असतात. उमेदवाराला प्रत्येक कसोटीत किमान ४२ टी-गुण मिळवावे लागतात आणि त्यात कोणत्याही प्रवर्गाला सवलत नसते.

हे ४२ म्हणजे शंभरपैकी ४२ नव्हेत, आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो. टी-गुण ठरवताना आधी मोठ्या गटाची कामगिरी पाहतात. त्या गटाच्या सरासरीला ५० म्हणायचे आणि सरासरीच्या आजूबाजूला गुण किती विखुरले आहेत याचे जे माप, म्हणजे प्रमाण विचलन, त्याला १० म्हणायचे, असा संकेत आहे. त्यामुळे ४२ गुण मिळवणारा उमेदवार गटाच्या सरासरीपेक्षा प्रमाण विचलनाच्या आठ दशांशांनी खाली असतो. गुणांची विभागणी घंटाकृती असेल तर साधारण २१ टक्के लोक या रेषेच्या खाली राहतात. एकट्या माणसाच्या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नसतो. ज्या गटाशी त्याची तुलना केली, त्या गटामुळे तो अर्थ येतो. या तुलनेच्या गटावरून बनवलेल्या तक्त्याला मानके म्हणतात. ती बनवण्यासाठी कोणाला निवडले, किती जणांना निवडले, कोणत्या वर्षी निवडले आणि त्यांची भाषा कोणती होती, हे सांगितल्याशिवाय चाचणीचा गुण अर्धवट राहतो.

मानके तयार झाली तरी दोन शंका शिल्लक राहतात. तीच चाचणी तोच माणूस दोन आठवड्यांनी पुन्हा देईल तेव्हा गुण साधारण तेवढेच येतील का, ही पहिली शंका. याला विश्वसनीयता म्हणतात आणि ती तपासणे तुलनेने सोपे असते. दुसरी शंका अवघड आहे: चाचणी जे मोजते असे म्हणते, तेच ती मोजते का? याला सप्रमाणता म्हणतात. लोको पायलटच्या चाचणीत उत्तीर्ण झालेला माणूस पुढे खरोखर अधिक सुरक्षित गाडी चालवतो का, हे पाहायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. त्यातही एक पेच असतो. अनुत्तीर्ण झालेल्यांना गाडी चालवायला मिळतच नाही, त्यामुळे त्यांनी ती कशी चालवली असती हे कळण्याचा मार्ग उरत नाही. हाती राहतात फक्त निवडलेले लोक, आणि त्यांच्यातील फरक कमी असल्याने चाचणी आणि कामगिरी यांचा संबंध कागदावर प्रत्यक्षापेक्षा फिका दिसतो. संशोधक संख्याशास्त्राच्या मदतीने याची दुरुस्ती करतात, पण त्या दुरुस्तीमागेही गृहीतके असतात.

२०१६ पासून काही वर्षे राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी झाली, ती अनेक घरांत आठवत असेल. कल म्हणजे एखाद्या क्षेत्राची आवड आणि अभिक्षमता म्हणजे ते काम शिकून घेण्याची कुवत. या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असे नाही. ‘ललितकला’ असा कल निघाला म्हणून मुलाला चित्रकला येते असे होत नाही आणि येत नाही असेही होत नाही. कल सांगणारी चाचणी उपयोगाची ठरली का, हे तीच मुले पंचविशीत काय करत आहेत आणि त्यात त्यांचे मन रमले आहे का, हे पाहूनच कळेल. निकालपत्रासोबत मिळालेला कागद फार तर घरातल्या बोलण्याला सुरुवात करून देऊ शकतो.

मुंबईतल्या पालकांचा मानसशास्त्रीय मापनाशी सर्वांत थेट संबंध येतो तो अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यामुळे. महाराष्ट्रात अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात १९९६ मध्ये झाली. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. शीव किंवा परळच्या सरकारमान्य रुग्णालयात मुलाला घेऊन गेलेल्या पालकांना आधी बुद्धिमापन आणि मग वाचन, लेखन, गणिताची तपासणी या क्रमातून जावे लागते. बुद्धिमापन आधी करण्याचे कारण असे की अडचण एकूण बौद्धिक मर्यादेमुळे आहे, की बुद्धी पुरेशी असूनही फक्त वाचन-लेखनात अडते आहे, हे वेगळे काढायचे असते. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये त्यासाठी बुद्धिगुणांक (ज्याची सरासरी १०० धरतात) ८५ च्या वर असण्याची अट होती.

या ८५ च्या रेषेपाशी मानकांचे वय महत्त्वाचे ठरते. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांच्या १९०५ च्या चाचणीवरून मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी १९३० च्या दशकात चाचणी बांधली. तिची सुधारणा १९६० च्या दशकात झाली आणि बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही वापरात आढळते. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीचे केलेले भारतीय रूपांतर १९६९ चे आहे. दोन्ही कामे त्या काळाच्या साधनांत थक्क करणारी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जेम्स फ्लिन या संशोधकाने अनेक देशांतील आकडेवारीवरून दाखवून दिले, की बुद्धिमापनातले गुण पिढीगणिक वाढत गेले. अमेरिकेत हा वेग दर दशकाला सुमारे ३ गुणांचा होता. हाच वेग आपल्याकडे जसाच्या तसा लागू होतो असे समजू नये, मात्र दिशा तीच असेल तर पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांशी तुलना केल्यावर आजचे मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसेल. ८५ च्या जवळ असलेल्या मुलाच्या बाबतीत या फरकाने निदानच बदलू शकते. वेक्स्लरच्या चाचणीच्या नव्या आवृत्तीची भारतीय मानके आता उपलब्ध आहेत, तरी कपाटातली जुनी पेटी बाहेर काढण्याची सवय सहज सुटत नाही.

बुद्धिगुणांकाइतकाच वाचनाचा प्रश्नही नाजूक आहे. इंग्रजी वाचताना मुलाला सुटी अक्षरे आणि त्यांचे लहरी उच्चार यांचा मेळ घालावा लागतो. मराठीत उच्चार बराच नियमित असतो, पण बाराखडीची चिन्हे, जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांमुळे डोळ्यांवर वेगळा भार पडतो. म्हणून इंग्रजीतल्या चुका मोजून बनवलेली कसोटी मराठी माध्यमातल्या मुलाला लावली, तर त्याची अडचण निसटू शकते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘डाली’ नावाची साधने आणली, त्यांत मराठीचा समावेश आहे. अशा साधनाला मुंबईत आणखी एका तपासणीची गरज पडते. धारावीतले तमिळ घरातून आलेले आणि हिंदी बोलत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकणारे मूल, दादरचे मराठी घरातून इंग्रजी माध्यमात गेलेले मूल आणि साताऱ्याच्या खेड्यातले मूल यांना एकच मानक लावता येईल का? ही तपासणी करायला शेकडो मुले, अनेक शाळा आणि किमान दोन-तीन वर्षे लागतात. पीएच.डी.चा विद्यार्थी नेमका हाच तुकडा उचलतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार त्याला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. एका प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ विद्यार्थी असू शकतात. मानके जुनी का राहतात, याचे अर्धे उत्तर या आकड्यांत सापडते.

प्रश्नावलीचे रूपांतर करतानाही अडचण शब्दांपेक्षा जगण्यात अधिक असते. चिंतेच्या एखाद्या परदेशी प्रश्नावलीत ‘मला खोलीत एकट्याने झोपायला भीती वाटते’ असे विधान असेल, तर लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत पाच जणांसोबत वाढलेल्या मुलीने त्याला काय उत्तर द्यावे? ती ‘नाही’ म्हणेल, कारण असा प्रसंग तिच्यावर आलेलाच नाही, आणि गुण देणारा मात्र ती निर्भय असल्याची नोंद करील. म्हणून संशोधक आधी थोड्या लोकांना समोर बसवून प्रत्येक विधान त्यांना काय वाटले हे विचारतात, अडखळणारी विधाने बदलतात किंवा काढतात. त्यानंतर दुसऱ्या गटावर चाचणी घेऊन उरलेली विधाने एकमेकांशी सुसंगत आहेत का, हे पाहतात. शंभर विधानांनी सुरुवात करून तीस हाती राहणे यात काही वावगे नाही. काढून टाकलेली सत्तर का काढली, हे प्रबंधात लिहिलेले असले पाहिजे.

आता थोडे गणित, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या ‘तुम्हाला नैराश्य आहे का’ छापाच्या चाचण्या वाचताना ते उपयोगी पडेल. नैराश्याच्या चाळणीसाठी, म्हणजे पुढची नीट तपासणी कोणाची करायची हे ठरवण्यासाठी, पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात ० ते २७ गुण मिळतात. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात १० ही सीमा धरल्यावर तिने नैराश्य असलेल्या शंभरातील ८८ जणांना ओळखले आणि नैराश्य नसलेल्या शंभरातील ८८ जणांना बरोबर बाजूला ठेवले. ऐकायला हे उत्तम आहे. आता समजा, एखाद्या कार्यालयातील १,००० कर्मचाऱ्यांना ही प्रश्नावली दिली आणि त्यांत खरोखर नैराश्य असलेले ५० जण आहेत. त्यांपैकी ४४ सापडतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांतील १२ टक्के, म्हणजे ११४ जणही सीमेच्या वर जातील. एकूण १५८ जणांवर खूण पडेल आणि त्यांतले फक्त ४४ खरे असतील, म्हणजे चारांपैकी साधारण एक. तीच प्रश्नावली रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, जिथे हजारात ३०० जणांना नैराश्य आहे असे धरू, तिथे दिली, तर खूण पडलेल्या ३४८ जणांपैकी २६४ खरे निघतील. प्रश्नावली तीच आहे, बदलले आहे ते फक्त आजाराचे प्रमाण. त्यामुळे चाळणीला निदान समजून कर्मचाऱ्याच्या नोंदवहीत शेरा मारणे हे शास्त्राच्या नावाखाली केलेले नुकसान आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो. आजाराचे स्थानिक प्रमाण माहीत असणे इतके महत्त्वाचे असूनही, बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात जी १२ राज्ये होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता.

मोजून झाल्यावर येतो उपाय, आणि उपाय तपासणे हे संस्थेचे दुसरे मोठे काम असते. मुंबईकराला यासाठी वडाळ्याचे उदाहरण जवळचे वाटेल. २०१० च्या सुमारास वडाळा स्थानकाजवळ रूळ ओलांडताना होणारे मृत्यू कमी करण्यासाठी मध्य रेल्वेसोबत ‘फायनल माइल’ या मुंबईच्या सल्लागार कंपनीने एक प्रयोग केला. मोठी वस्तू आपल्याला प्रत्यक्षापेक्षा हळू येते आहे असे भासते, म्हणून रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. गाडी ते पट्टे किती झपाट्याने ओलांडते हे दिसल्यावर तिच्या वेगाचा अंदाज बरोबर येईल, अशी अपेक्षा होती. मोटरमनने एक लांब भोंगा वाजवण्याऐवजी मध्ये क्षणभर थांबून दोन तुटक भोंगे वाजवावेत, असे ठरले. गाडीखाली येण्याच्या क्षणी भेदरलेल्या माणसाच्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली गेली, कारण ‘रूळ ओलांडू नका’ ही पाटी वाचून वाचून अदृश्य झाली होती. मृत्यू घटल्याच्या बातम्या आल्या आणि प्रयोगाची बरीच चर्चा झाली.

संशोधन संस्थेतला मार्गदर्शक हे ऐकून खूश होईल आणि लगेच प्रश्न विचारायला लागेल. ही जागा मृत्यू जास्त होते म्हणून निवडली असेल, तर पुढच्या वर्षी आकडा आपोआपही थोडा खाली येण्याची शक्यता असते. वाईट वर्षानंतरचे वर्ष बहुधा सरासरीकडे झुकते. तशाच दुसऱ्या स्थानकावर काही न करता त्याच काळात मृत्यू मोजले होते का? लोक ओलांडायचे थांबले, की दोनशे मीटर पुढे जाऊन ओलांडू लागले? तीन उपाय एकत्र केल्यावर काम कोणी केले, पिवळ्या रंगाने की भोंग्याने? नवलाई ओसरल्यावर छायाचित्रांचा परिणाम टिकला का? या प्रश्नांनी प्रयोग खोटा ठरत नाही. पण तो कुर्ल्याला आणि ठाण्याला नेण्यासाठी पैसे मागायचे, तर त्यांची उत्तरे लागतात, आणि ती मिळवायला चिठ्ठ्या टाकून काही स्थानके उपायासाठी आणि काही तुलनेसाठी निवडावी लागतील. तुलनेच्या स्थानकांवर लोक मरत असताना नुसते पाहत राहायचे का, हा प्रश्न मग नीतिमत्ता समितीपुढे येतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, निम्मे संस्थेबाहेरचे असावेत आणि अध्यक्षही बाहेरचाच असावा. मुलांवरील अभ्यासात पालकांची संमती पुरत नाही. सात वर्षांवरील मुलाची तोंडी आणि बारा वर्षांवरील मुलाची लेखी अनुमती घ्यावी लागते. संमतिपत्र त्याला समजणाऱ्या भाषेत हवे आणि ‘मला मधूनच सोडून जाता येईल’ हे त्यात लिहिलेले हवे. शाळेत बाई वर्गावर उभ्या असताना मूल ‘नको’ म्हणेल का, हा प्रश्न कागदाने सुटत नाही. चांगले संशोधक बाईंना थोडा वेळ बाहेर थांबायची विनंती करतात.

अशा संस्थेत मुलाची तपासणी करून घेतली असेल, तर अहवालात चाचणीचे नाव, आवृत्ती, मानकांचे वर्ष आणि कोणत्या भाषेत ती घेतली, हे लिहून मागावे. हे विचारल्याने कोणी रागावण्याचे कारण नाही. निदानाच्या अहवालावर सही करणारी व्यक्ती चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हेही पाहावे. मानसशास्त्रातली नुसती एम.ए. पदवी त्यासाठी पुरेशी नसते. संशोधनात सहभागी होण्याचे निमंत्रण आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तातडीने कोणाशी बोलण्याची गरज असेल, तर संस्थेच्या वेळापत्रकाची वाट न पाहता १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस सेवेला फोन करावा. ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.